सोसायटीशी वाद: कोर्टाआधीचा अर्ज असा लिहा

आधी आपल्या सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधींची (bye-laws, म्हणजे संस्थेच्या नियमांची) प्रत मिळवा. नेटवरची नमुना प्रत आणि तुमची प्रत वेगळी असू शकते.

आता अर्ज. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कितीही तोंडसुख घेतलंत तरी ती तक्रार होत नाही. अर्ज सेक्रेटरीच्या नावे, कागदावर, एका वेळी एकाच विषयाचा. गळती, पार्किंग आणि चेअरमनचा उर्मटपणा एकाच पानावर कोंबलात, तर कमिटी उर्मटपणाला उत्तर देते आणि गळती तशीच राहते.

शिवाय मागणी नेमकी हवी. ‘योग्य ती कारवाई करावी’ हे वाक्य मला अजिबात चालत नाही. त्यावर कोणी काहीच करत नाही. असं लिहा: ‘गच्चीतून माझ्या बेडरूमच्या छतात पाणी झिरपतं. उपविधी क्रमांक अमुकप्रमाणे ही दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हायला हवी. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि छताचं प्लास्टर करून द्यावं. 15 दिवसांत लेखी कळवावं.’ सोबत तारखेसह फोटो.

दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हटलं तर तिथून निघा आणि अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. ‘घेण्यास नकार’ शेऱ्यासह लिफाफा परत आला तर तो फोडू नका. बंद लिफाफाच पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

आणि रागाने मेंटेनन्स थांबवू नका, कोणी कितीही सांगो. थकबाकीदार ठरलात की व्याज आणि वसुली तुमच्याच मागे लागते. ‘हरकत राखून’ असं पत्र देऊन पैसे भरा.

कमिटी गप्पच बसली तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सर्वसाधारण सभा मागता येते. ती महिन्याच्या आत बोलवावी लागते. गळतीपेक्षा पार्किंगसारख्या सर्वांच्या प्रश्नाला सह्या पटकन मिळतात.

तरीही अडलं तर दार नीट निवडा. कागदपत्रं, सभासदत्व, भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) यांसाठी उपनिबंधक, म्हणजे सहकार खात्याचे डेप्युटी रजिस्ट्रार. गळती, पार्किंग, सभेचे ठराव हे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 91 खाली सहकारी न्यायालयाचे विषय. गळतीचा अर्ज घेऊन उपनिबंधकांकडे खेटे घालण्यात वेळ जातो. कमिटीच्या निवडणुकीचा वाद असेल तर एवढा धीर धरू नका: निकालापासून 2 महिन्यांचीच मुदत असते.