लिनक्सवर होस्टनेम बदलताय? या चुका टाळा

एका कॉलेजच्या लॅबमधली डेबियन लिनक्सची चोवीस मशीन्स माझ्याकडे होती. इन्स्टॉल करताना मशीनचं नाव (म्हणजेच होस्टनेम) विचारलं की प्रत्येकाने नुसता एंटर दाबलेला, त्यामुळे चोवीसच्या चोवीस मशीन्सचं नाव ‘डेबियन’. कुठलं मशीन कुठलं ते कळेना, म्हणून किल्ल्यांची नावं द्यायचं ठरलं. पहिलं तोरणा. जुनं नाव कुठेकुठे लिहिलंय ते एकेक शोधत कोण बसणार? मी ग्रेप (शब्द शोधणारी कमांड) आणि सेड (शब्द बदलणारी) एकमेकांना जोडून /इटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरखालच्या झाडून सगळ्या फाइलींमध्ये ‘डेबियन’च्या जागी ‘तोरणा’ करून टाकलं. दोन सेकंदांत काम झालं आणि मी चहाला गेलो.

रीस्टार्ट केल्यावर स्क्रीनवर ते लाल तारे इकडून तिकडे फिरत बसले. मशीन ‘तोरणा’ नावाच्या डिस्कची वाट बघत होतं. दीड मिनिट वाट बघून शेवटी इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पडलं.

(कमांड आणि फाइलींची नावं इथे बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये आणि लहान अक्षरांत टाइप करायची, आकडेही नेहमीचेच.)

शोधा-आणि-बदला: सगळ्यात महागडी चूक

झालं काय होतं? डेबियनचा इन्स्टॉलर एलव्हीएम (डिस्कचे लवचिक भाग पाडायची पद्धत) वापरताना डिस्कच्या व्हॉल्यूम ग्रुपला मशीनचंच नाव देतो आणि मागे ‘व्हीजी’ जोडतो. म्हणजे आमच्याकडे ‘डेबियन-व्हीजी’. /इटीसी/एफएसटॅबमध्ये (बूटला कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) होमची आणि स्वॅपची ओळ त्याच नावाने होती. मी ती फाइलीत बदलली, पण डिस्कवर ग्रुपचं नाव होतं तेच राहिलं. होमचं पार्टिशन वेगळं होतं, ते सापडेना, आणि ते सापडल्याशिवाय मशीन पुढे जाईना. रूट (सिस्टिमचं मुख्य पार्टिशन) मात्र सापडला, कारण त्याचा पत्ता ग्रबच्या, म्हणजे मशीन बूट करणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलीत असतो आणि ती /बूटखाली असल्यामुळे माझ्या तावडीतून सुटली होती.

इमर्जन्सी मोडमध्ये रूटचा (इथे रूट म्हणजे अ‍ॅडमिन युझर) पासवर्ड देऊन एफएसटॅब पूर्ववत केली, मशीन उठलं. मग अपडेट चालवलं तर एपीटी (पॅकेजेस आणणारा प्रोग्राम) ‘डेब.तोरणा.ऑर्ग’ शोधत बसलेलं. पॅकेजेसच्या सर्व्हरच्या पत्त्यातसुद्धा ‘डेबियन’ हा शब्द असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

जुनं नाव कुठे आहे ते ग्रेपने बघायला काहीच हरकत नाही, बघाच. पण यादी नुसती वाचायची. प्रत्येक ओळीला विचारायचं की बाई, तू होस्टनेम म्हणून इथे आहेस की दुसऱ्याच कशाचं नाव म्हणून? व्हॉल्यूम ग्रुपचं नाव जुनंच राहिलं तर काही म्हणता काही बिघडत नाही. एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या सोयीच्या) किल्लीच्या शेवटी ‘रूट@जुनंनाव’ दिसतं, ती नुसती टीप आहे, लॉगिनशी तिचा संबंध नाही. जुन्या लॉगमध्ये जुनंच नाव असणार. दहावीच्या मार्कलिस्टवर आपण पांढरी शाई लावायला जात नाही, तसंच हे.

खरं काम दोन फाइलींचं, पण आधी कुठली?

नाव राहतं /इटीसी/होस्टनेममध्ये. हे झालं गॅझेट. पण गॅझेटात नाव छापून आलं म्हणून बँकेचं पासबुक आपोआप बदलत नाही. इथलं पासबुक म्हणजे /इटीसी/होस्ट्स, कुठल्या नावाचा आयपी पत्ता कुठला ते लिहिलेली फाइल. डेबियन आणि उबंटूवर त्यात सुरुवातीला साधारण असं असतं:

१२७.०.०.१ लोकलहोस्ट
१२७.०.१.१ डेबियन

बहुतेक जण आधी ‘सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम तोरणा’ मारतात (सुडो म्हणजे पुढची कमांड अ‍ॅडमिन म्हणून चालवणं, होस्टनेमसीटीएल ही नाव बदलायची कमांड) आणि पुढच्याच सुडोला ‘अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट तोरणा’ बघून घाबरतात. सुडो नवीन नावाचा आयपी शोधतं, होस्ट्समध्ये तो नसतो, मग ते डीएनएसला (नेटवर्कवरच्या नावांच्या डिरेक्टरीला) विचारतं. डीएनएस उत्तर देत नसेल तर प्रत्येक सुडोला काही सेकंद नुसतं थांबावं लागतं. बहुतेक वेळा ती तक्रारच असते, सुडो पुढे चालतं. त्यामुळे घाबरून मशीन पुन्हा इन्स्टॉल करू नका (केलेले लोक मी पाहिलेत).

क्रम उलटा केला की ही भानगडच होत नाही. आधी होस्ट्समध्ये जुन्या नावाशेजारी नवीन नाव लिहा, मग होस्टनेमसीटीएल चालवा, रीस्टार्ट करून सगळं ठीक दिसलं की जुनं नाव काढा. आणि सुरुवात करण्याआधी दुसऱ्या एका खिडकीत ‘सुडो -आय’ करून रूटचं शेल (कमांड लिहायची जागा) उघडं ठेवा. सुडो रुसलंच तर ती खिडकी कामाला येते.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर हे न करताही काही बिघडत नाही, मग इथेच का, असा प्रश्न पडेल. तिथे /इटीसी/एनएसस्विच.कॉन्फमधल्या ‘होस्ट्स’च्या ओळीत ‘मायहोस्टनेम’ असा एक शब्द असतो. तो सिस्टमडीचा (लिनक्स सुरू करून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) तुकडा मशीनच्या स्वतःच्या नावाचं उत्तर परस्पर देऊन टाकतो. साध्या डेबियनवर तो असेलच असं नाही. नेटवर ‘होस्ट्सला हात लावायची गरज नाही’ आणि ‘लावलाच पाहिजे’ असे दोन्ही सल्ले सापडतात ते यामुळे. दोन्ही आपापल्या घरी बरोबर आहेत.

बरं, ही ओळ ०.१.१ चीच का? १२७ ने सुरू होणारा सगळा पत्ता-पट्टा मशीनच्या स्वतःसाठीच राखीव आहे, त्यामुळे १.१ सुद्धा घरातच पोचतो. काही जण ती ओळ काढून नवीन नाव वरच्या ओळीत ‘लोकलहोस्ट’च्या मागे चिकटवतात. मग ‘होस्टनेम -एफ’ विचारलं की मशीन स्वतःचं पूर्ण नाव ‘लोकलहोस्ट’ सांगतं, कारण ओळीतलं पहिलं नाव तेच खरं मानलं जातं. डोमेनसकट नाव द्यायचं असेल तरी हाच नियम: लांब नाव आधी, आखूड नंतर.

एका कोनाची किंमत

होस्ट्समध्ये ओळ जोडायला एको (मजकूर छापणारी कमांड) वापरताना दोन कोनांऐवजी (>>) एकच कोन (>) टाकला की अख्खी फाइल पुसली जाते आणि आत तुमची एकच ओळ उरते. लोकलहोस्ट गेलं. काही सिस्टिम्स यातूनही सावरून घेतात, पण त्या भरवशावर राहू नका. ‘सुडो एको’ करून कोन लावलात तर उलट ‘परमिशन डिनाइड’ येईल, कारण फाइल उघडायचं काम सुडो करत नाही, तुमचं साधं शेल करतं. ‘सुडो टी -ए’ वापरा, नाहीतर सरळ नॅनो या एडिटरमध्ये फाइल उघडा. दोन ओळींसाठी चलाखी कशाला? आणि आधी ‘सीपी’ने एक प्रत काढून ठेवा.

तोरणा, पण रोमनमध्ये कसा?

ही खास आपली चूक. होस्ट्समध्ये मी ‘र’नंतर ‘ए’ घालून तोरणा लिहिला आणि होस्टनेमसीटीएलला सांगताना तो ‘ए’ गाळला. दोन्ही डोळ्यांना बरोबरच दिसतात. अर्धा तास मी फाइलीकडे बघत होतो, ओळ तर आहे, तरी सुडोची कुरकुर चालूच. शेवटी ‘गेटेंट होस्ट्स’ आणि पुढे नाव असं विचारलं तर काहीच उत्तर नाही, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आता ‘गेटेंट होस्ट्स $(होस्टनेम)’ असं विचारतो, म्हणजे नाव माझ्या हाताने टाइपच होत नाही. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, पन्हाळा या मंडळींची स्पेलिंग्ज आम्ही मग आधी कागदावर लिहून भिंतीला चिकटवली.

नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढंच चालतं. रेघ सुरुवातीला किंवा शेवटी नको. खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, अजिबात नको. काही सॉफ्टवेअर ती खपवून घेतात आणि मग भलत्याच ठिकाणी, सहसा एखाद्या वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये, नाव अमान्य म्हणून अडकतं. लिनक्सची मर्यादा ६४ अक्षरांची आहे आणि डीएनएसची दोन टिंबांमधल्या तुकड्याला ६३ ची, पण सांबातून (विंडोजशी फाइली शेअर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) विंडोज मशीन्सना दिसायचं असेल तर १५ च्या आत राहा. आकड्याने सुरू होणारं नाव १९८९ च्या आरएफसी ११२३ या इंटरनेटच्या नियमावलीपासून चालतं. नुसत्या आकड्यांचं मात्र ठेवू नका, ते आयपीसारखं वाचलं जाऊ शकतं. नावाच्या शेवटी स्वतःहून ‘.लोकल’ जोडू नका, ते अवाही (घरच्या नेटवर्कवर मशीनचं नाव जाहीर करणारी सेवा) आपलं आपण जोडतं.

देवनागरी नावाची हौस असेल तर होस्टनेमसीटीएलच्या ‘--प्रिटी’ या पर्यायात ती भागते. ते शोभेचं नाव /इटीसी/मशीन-इन्फोमध्ये जातं आणि ब्लूटूथ शोधताना फोनवर दिसू शकतं. मी घरच्या लॅपटॉपला तसं ठेवलंय.

रीस्टार्टनंतर जुनं नाव परत

नुसतं ‘सुडो होस्टनेम तोरणा’ केलंत तर नाव फक्त चालू कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) बदलतं, फाइलीत नाही. ‘होस्टनेमसीटीएल’ची माहिती नीट वाचा. स्टॅटिक आणि ट्रान्झियंट अशा दोन वेगळ्या ओळी दिसल्या आणि त्यात दोन वेगळी नावं असली, तर हेच झालंय.

दुसरं कारण क्लाउड-इनिट, म्हणजे मशीन सुरू होताना आपोआप सेटिंग्ज लावणारं सॉफ्टवेअर. क्लाउडवरच्या मशीनवर ते सहसा असतंच, पण उबंटू सर्व्हर घरच्या डब्यावर टाकला तरी तिथेही येतं. /इटीसी/क्लाउड/क्लाउड.सीएफजीमध्ये ‘प्रिझर्व्ह_होस्टनेम’ फॉल्स असेल तर ट्रू करा. होस्ट्स फाइलीच्या माथ्यावर ‘मॅनेज_इटीसी_होस्ट्स’बद्दलची सूचना दिसली तर समजा, तुम्ही तिथे लिहिलेलं पुढच्या बूटला पुसलं जाणार. तेव्हा ती सेटिंग बंद करा किंवा /इटीसी/क्लाउड/टेम्प्लेट्समधला साचा बदला.

उलट गंमत म्हणजे, नाव बदललेलं असूनही प्रॉम्प्टवर जुनंच दिसतं. बॅश (नेहमीचं शेल) सुरू होताना एकदाच नाव विचारतं. नवी खिडकी उघडा, बस.

एका प्रतीवरून चोवीस मशीन्स

आम्ही पुढे एका मशीनची इमेज काढून बाकीच्यांवर टाकली आणि फक्त नावं बदलली. हे पुरत नाही. /इटीसी/मशीन-आयडी सगळ्यांची एकच राहते. उबंटू सर्व्हरवर डीएचसीपीला (आयपी वाटणाऱ्या सेवेला) दिली जाणारी ओळख त्यावरूनच तयार होते, त्यामुळे वेगळ्या नावाच्या दोन मशीन्सना एकच आयपी मिळतो आणि दोघं आळीपाळीने नेटवर्कवरून गायब होतात. इमेज काढण्याआधी ती फाइल रिकामी करा, पण डिलीट नको. पहिल्या बूटला नवी आयडी तयार होते. एसएसएचच्या होस्ट किल्ल्याही प्रत्येक मशीनवर काढून ‘डीपीकेजी-रिकॉन्फिगर ओपनएसएसएच-सर्व्हर’ने नव्या करा.

ज्यांनी नावावर घर बांधलंय

काही सॉफ्टवेअर होस्टनेम नुसतं वाचत नाहीत, त्यावर आपला डेटा रचतात. इथे मात्र नाव बदलण्याआधी दहादा विचार करा.

रॅबिट-एमक्यू (प्रोग्राम्समधले निरोप रांगेत, म्हणजे क्यूत, ठेवणारा सर्व्हर) आपला डेटा ‘रॅबिट@होस्टनेम’ अशा फोल्डरमध्ये ठेवतो. नाव बदललं की तो नवा रिकामा फोल्डर करून ऐटीत सुरू होतो. क्यू नाहीत, युझर नाहीत. डेटा गेलेला नसतो, शेजारच्या जुन्या फोल्डरमध्ये असतो. जुनं नाव परत दिलं की सगळं जागेवर.

व्हर्च्युअल मशीन्स (व्हीएम) चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्सचं तसंच. व्हीएमच्या कॉन्फिग /इटीसी/पीव्हीई/नोड्स/जुनंनाव अशा ठिकाणी असतात आणि नाव बदलल्यावर नव्या नोडखाली एकही व्हीएम दिसत नाही. नाव बदलायचं तर व्हीएम बनवण्याआधी. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर असेल तर मेन.सीएफमधली ‘मायहोस्टनेम’ आणि ‘मायडेस्टिनेशन’ या ओळी आणि डेबियनवर /इटीसी/मेलनेम बघा. नाहीतर क्रॉनच्या (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) मेल्स घरच्या घरी पोचायच्या सोडून बाहेर फिरायला जातात.

डेस्कटॉपवरच्या दोन कटकटी

नाव बदलल्यावर काही जुन्या एक्स११ (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी व्यवस्था) डेस्कटॉपवर नव्या खिडक्या उघडत नाहीत. परवानगीची नोंद जुन्या नावाने असते. लॉग आउट करून पुन्हा आत या.

दुसरी क्रोमची. क्रोम उघडं असताना नाव बदललं आणि मशीन धाडकन बंद केलं तर पुढच्या वेळी क्रोम म्हणतं, हे प्रोफाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालू आहे. तो दुसरा कॉम्प्युटर म्हणजे तुमचाच, जुन्या नावाचा. क्रोम चालू नाही याची खात्री करा आणि होम फोल्डरमधल्या .कॉन्फिग/गूगल-क्रोममधली ‘सिंगलटनलॉक’ ही लिंक काढून टाका. बुकमार्क वगैरेंना धक्का लागत नाही.

राउटरच्या पानावर अजून जुनं नाव दिसत असेल तर मशीनमध्ये शोधाशोध करू नका. राउटरने ते आयपी देताना टिपून ठेवलंय. वाय-फाय तोडून जोडा, तरी नाही बदललं तर लीज (दिलेल्या आयपीची मुदत) संपेपर्यंत थांबा.