पॉली मेलरचे माप आणि टपालखर्च: या चुका टाळा

अमेरिकेत घरबसल्या साड्या, कुर्ते, ब्लाउजपीस किंवा दागिने विकणाऱ्या मराठी मंडळींचा एक खर्च हिशेबात नेहमी उशिरा दिसतो, तो म्हणजे टपालाचा. मालाची किंमत, पाकिटाची किंमत आणि विक्रीच्या संकेतस्थळाचे कमिशन यांचा काटेकोर विचार केला जातो. पाकीट मात्र हाताला लागेल ते घेतले जाते. अमेरिकी टपाल खात्याच्या, म्हणजे यूएसपीएसच्या, घनमापावर आधारलेल्या दरपद्धतीत मऊ पाकिटाचा (प्लॅस्टिकचे पॉली मेलर किंवा आतून बुडबुड्यांचे अस्तर असलेले बबल पाकीट) दर पाकिटात काय भरले यापेक्षा पाकीट कोणत्या मापाचे घेतले यावर ठरतो. त्यामुळे पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका टपालाचे लेबल छापताना घडल्यासारख्या वाटतात, पण प्रत्यक्षात त्या पाकिटांचा गठ्ठा मागवतानाच होऊन गेलेल्या असतात.

ही दरपद्धती ‘क्युबिक’ या नावाने ओळखली जाते आणि ती ‘प्रायॉरिटी मेल’ व ‘ग्राउंड ॲडव्हान्टेज’ या दोन्ही सेवांना लागू आहे. तिच्यात पाकिटाचे वजन वीस पौंडांच्या आत असले की वजनाचा दराशी संबंध उरत नाही. आकाराचा टप्पा आणि अंतराचा झोन एवढ्याच दोन गोष्टी पाहिल्या जातात. खोक्यासाठी लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करून घनफूट काढावे लागतात. पॉली मेलर आणि बबल पाकीट यांच्यासाठी मात्र रिकाम्या, सपाट पाकिटाची लांबी आणि रुंदी यांची नुसती बेरीज करायची असते. बेरीज २१ इंचांपर्यंत असेल तर पहिला टप्पा, २७ पर्यंत दुसरा, ३१ पर्यंत तिसरा, ३४ पर्यंत चौथा आणि ३६ पर्यंत पाचवा. कोणतीही बाजू १८ इंचांपेक्षा मोठी असता कामा नये.

मऊ पाकिटाला खोके समजणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. समजा, नऊ बाय बारा इंचांच्या पॉली मेलरमध्ये तीन सुती साड्या दाबून बसवल्या आणि पाकिटाचे वजन अडीच पौंड भरले. भरलेले पाकीट फुगते, त्यामुळे टेबलावर ठेवून मापाची टेप लावली की ते साधारण साडेदहा इंच लांब, साडेसात इंच रुंद आणि तीन इंच जाड भरते. लेबल छापण्याच्या पानावर ‘खोके’ हा पर्याय तसाच राहू देऊन विक्रेता ही तिन्ही मापे भरतो. त्यांचा गुणाकार सुमारे २३६ घनइंच होतो. घनफुटात १७२८ घनइंच असल्याने हे माप खोक्याच्या पहिल्या टप्प्याच्या ०.१ घनफुटाच्या मर्यादेपुढे जाते आणि दर दुसऱ्या टप्प्याचा लागतो. तेच पाकीट ‘मऊ पाकीट’ म्हणून नोंदवले असते, तर नऊ अधिक बारा बरोबर एकवीस, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या अगदी काठावर बसले असते. फुगवट्यासाठी या पद्धतीत पैसे पडत नाहीत. अर्थात शिवण उसवेल इतके ठासून भरण्याचा हा परवाना नव्हे, कारण यंत्रावर फाटलेले पाकीट ग्राहकापर्यंत अर्धेच पोहोचते.

याच्या उलट चूकही तितकीच सर्रास होते. दहा बाय तेराचे पाकीट भरल्यावर आक्रसून साडेआठ बाय बारा दिसते आणि बेरीज साडेवीस भरल्याचे पाहून विक्रेता पहिल्या टप्प्याचे लेबल काढतो. माप रिकाम्या पाकिटाचेच धरायचे असल्याने खरी बेरीज २३ आहे आणि टप्पा दुसरा आहे. टपाल खात्याची स्वयंचलित पडताळणी यंत्रणा वजन, माप, झोन आणि पाकिटाचा प्रकार तपासते आणि तफावत आढळल्यास फरकाची रक्कम नंतर खात्यातून वळती होते. ही वजावट काही दिवसांनी आणि लहान रकमेत होत असल्यामुळे ती बरेच दिवस लक्षातही येत नाही.

पॉली मेलरच्या आत पुठ्ठ्याचा कडक डबा घालून त्याला मऊ पाकीट म्हणवणे हीदेखील पळवाट नव्हे. बाहेरच्या पाकिटाने डब्याचाच आकार धारण केला असेल तर त्याची तिन्ही मापे घेऊन खोके म्हणूनच नोंद करावी.

पाकिटे खरेदी करताना टप्प्यांकडे न पाहणे

बाजारात सहज मिळणारी मापे आणि टपालाचे टप्पे यांचा मेळ बसतोच असे नाही. नऊ बाय बारा पहिल्या टप्प्यात नेमके बसते. बारा बाय साडेपंधरा हे अत्यंत खपाचे माप साडेसत्तावीस भरते, म्हणजे अर्ध्या इंचासाठी तिसऱ्या टप्प्यात जाते. बारा बाय पंधराचे पाकीट मिळाले तर तोच माल दुसऱ्या टप्प्यात जाईल. साडेचौदा बाय एकोणीस या मापाने तर पुष्कळांची फसगत होते. त्याची बेरीज साडेतेहतीस, म्हणजे चौथ्या टप्प्यात बसणारी. परंतु एक बाजू १८ इंचांच्या वर असल्याने ते या दरपद्धतीला मुळातच पात्र ठरत नाही आणि वजनाप्रमाणे दर लागतो. स्वस्त मिळाली म्हणून या मापाची पाचशे पाकिटे घरात आणून ठेवणे ही बचत नव्हे.

बबल पाकिटांच्या बाबतीत आतले आणि बाहेरचे माप वेगळे असते हे लक्षात ठेवावे. ‘शून्य क्रमांका’चे पाकीट बाहेरून सहा बाय दहा असते, ‘दोन क्रमांका’चे साडेआठ बाय बारा असते, आणि ही दोन्ही पहिल्या टप्प्यात आरामात बसतात. विक्रेत्याच्या पानावर पुष्कळदा आत माल मावण्याचे माप लिहिलेले असते. म्हणून गठ्ठा मागवण्यापूर्वी एखादे पाकीट हाती घेऊन, ते टेबलावर सपाट अंथरून, कडेपासून कडेपर्यंत स्वतः टेप लावावी. छापील मापावर विसंबून अगदी काठावरचा टप्पा गाठू नये. शिवणीची पाव इंच पट्टीसुद्धा पाकीट पुढच्या टप्प्यात ढकलू शकते.

घनमापाचा दर नेहमीच स्वस्त असे गृहीत धरणे

सहा-सात औंसांच्या एका कुर्त्यासाठी ही सारी आकडेमोड व्यर्थ आहे. एक पौंडाच्या आतील हलक्या पाकिटाला ‘ग्राउंड ॲडव्हान्टेज’चा वजनाचा दर बहुधा स्वस्त पडतो. घनमापाचा खरा फायदा लहान आणि जड पाकिटांना होतो: काठापदराच्या भारी साड्या, पितळी समया, पुस्तके. त्यातही पाकीट न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियाला जायचे असेल, तर फरक अधिक जाणवतो. ‘प्रायॉरिटी मेल’चे एकच दर असलेले बबल पाकीट, साडेनऊ बाय साडेबारा इंचांचे, अशा जड मालासाठी कधीकधी उपयोगी पडते, पण जवळच्या झोनसाठी ते क्वचितच परवडते. ही पाकिटे टपाल खात्याकडून फुकट मिळतात म्हणून त्यांत माल भरून वर ‘ग्राउंड ॲडव्हान्टेज’चे लेबल चिकटवणारेही आहेत. तसे करू नये; पाकीट ‘प्रायॉरिटी’चे असल्याने आकारणीही ‘प्रायॉरिटी’च्याच दराने होते.

टपाल कचेरीच्या खिडकीवर मात्र घनमापाचा दर मिळत नाही. तो व्यापारी दर आहे आणि पायरेट शिपसारख्या ऑनलाइन सेवांमधून लेबल काढले तरच लागू होतो. रांगेत उभे राहून पाकीट खिडकीवर देणाऱ्याने माप कितीही अचूक घेतले तरी त्याला किरकोळ दरच भरावा लागतो.

दागिन्यांचे बबल पाकीट ‘मोठे पत्र’ म्हणून पाठवणे

तिकिटे लावून बबल पाकीट पेटीत टाकण्याचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु मोठ्या पत्राचा दर मिळण्यासाठी पाकीट लवचीक, पाऊण इंचाच्या आत जाड आणि सर्वत्र सारख्याच जाडीचे असावे लागते. वजन १३ औंसांपेक्षा जास्त चालत नाही. मधोमध झुमक्यांचा उंचवटा आलेले पाकीट या अटीत बसत नाही आणि त्याला पार्सलचा दर लागतो.

यूपीएस आणि फेडेक्सला हाच नियम लावणे

लांबी आणि रुंदीच्या बेरजेची ही सोय यूएसपीएसपुरतीच आहे. यूपीएस आणि फेडेक्स या खासगी कुरियर कंपन्या भरलेल्या पाकिटाची तिन्ही मापे धरतात, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून प्रत्येक मापातला अपूर्णांक पुढच्या पूर्ण इंचात मोजतात, म्हणजे ११.१ इंच हे बारा इंच ठरतात. तेथे फुगवट्याचे पैसे पडतात, म्हणून त्यांच्याकडे माल देताना पाकीट सपाट दाबून, हवा काढून बंद करणे फायद्याचे असते.

चुकीची वजावट झालीच तर तक्रारीसाठी पुरावा लागतो. वापरातल्या प्रत्येक मापाच्या रिकाम्या पाकिटावर आडवी-उभी टेप ठेवून आकडे स्पष्ट दिसतील असे छायाचित्र एकदा काढून ठेवावे, आणि रोजच्या भरलेल्या पाकिटाचे लेबलासह दुसरे छायाचित्र घ्यावे. लेबल ज्या सेवेतून काढले, तिच्याकडे दोन्ही छायाचित्रे पाठवून फेरतपासणी मागता येते. मात्र त्यासाठीची मुदत मर्यादित असते, त्यामुळे खात्यातील वजावटींची यादी दर आठवड्याला पाहावी.