फ्रान्सच्या खेड्यांतून गाड्यांच्या त्रासाशिवाय सायकल चालवायची असेल तर काय काय करायचं

फ्रान्स आणि सायकल म्हटलं की आपल्याकडे लगेच तूर द फ्रान्स आठवते, ते घाट, ते धापा टाकणारे रायडर. पण त्याच देशात हजारो किलोमीटरचे असेही मार्ग आहेत जिथे एकही मोटार येत नाही, आजी-आजोबा आणि पाच वर्षांची पोरं एकाच रस्त्यावर आरामात सायकल चालवत असतात. तुम्ही युरोप ट्रिप प्लॅन करत असाल, किंवा कामानिमित्त तिकडेच कुठे राहत असाल, तर तीन दिवस यासाठी काढाच. फिटनेस फार लागत नाही, रस्ता मात्र नीट निवडावा लागतो.

पहिली पायरी : 'व्वा व्हेर्त' आणि 'वेलोरूत' यातला फरक पक्का करा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. व्वा व्हेर्त म्हणजे फक्त सायकल, पायी चालणारे, स्केटिंगवाले आणि कुठे कुठे घोडेस्वार यांच्यासाठी राखीव मार्ग, तिकडच्या वाहतूक कायद्यातच त्याची वेगळी व्याख्या आहे. सुरुवातीला चौकोनी निळी पाटी असते. वेलोरूत म्हणजे पाट्या लावलेला लांब पल्ल्याचा सायकल मार्ग, पण त्यात मधे मधे साधे गावरस्तेही येतात, म्हणजे गाड्या येणार, कमी असतील पण येणार. ल्वार नदीकाठचा सायकल मार्ग जगभर प्रसिद्ध आहे, साधारण ९०० किमी, सुंदरच आहे, पण तो पूर्ण गाडीमुक्त नाहीये. लहान मुलं सोबत असतील किंवा उजव्या बाजूने चालवायची सवय नसेल तर पहिल्या वेळी सलग व्वा व्हेर्तच निवडा, मोठे मार्ग पुढच्या वेळी करता येतील.

हे मार्ग मुख्यतः दोन प्रकारच्या जागी सापडतात. एक, बंद पडलेल्या रेल्वे लाइनवर. दोन, कालव्याच्या काठाने, जिथून पूर्वी घोडे बोटी ओढत न्यायचे. रेल्वेवाल्या मार्गाचा फायदा असा की आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही म्हणून रूळ जवळजवळ सपाटच टाकलेले असतात, मग डोंगराळ भागातसुद्धा तुम्हाला चढ जाणवतो न जाणवतो इतकाच. कालव्याचा मार्ग तर सपाटच, फक्त जिथे लॉकगेट (बोटी वर-खाली करायचे पाण्याचे दरवाजे) असेल तिथे छोटासा उंचवटा. पण कालव्याकाठचा रस्ता कसा असेल याचा नेम नाही. कनाल द्यु मिदी हा १६८१ मध्ये खुला झालेला आणि १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत असलेला कालवा घ्या, तुलूझपासून पहिले पन्नासेक किलोमीटर छान डांबरी आहेत आणि पुढे कित्येक ठिकाणी कच्ची पायवाट आणि प्लेन नावाच्या मोठ्या झाडांची वर आलेली मुळं, पाठीची वाट लागते. त्याऐवजी तुलूझहून उलट्या दिशेला बोर्दोकडे जाणारा गारोन कालवा घ्या, तो जवळपास पूर्ण पक्का आहे, आणि आजाँ गावात तर अख्खा कालवाच २३ कमानींच्या दगडी पुलावरून नदी ओलांडतो, खाली नदी वर कालवा आणि बाजूने तुम्ही सायकलवर.

दुसरी पायरी : पहिल्यांदा जाताय तर हा मार्ग घ्या

माझं स्पष्ट मत, पहिल्या ट्रिपसाठी पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडी भागातला शालाँ-स्युर-सोन ते माकाँ हा मार्ग घ्यावा. यातला जिव्री ते क्लुनी हा ४४ किमीचा तुकडा १९९७ मध्ये खुला झाला, फ्रान्समधली ही पहिली व्वा व्हेर्त मानतात. जुनी रेल्वे लाइन, पूर्ण डांबरी, बाजूला जुनी स्टेशनं अजून उभी आहेत. नंतर तो दोन्ही बाजूंनी वाढवला, आता शालाँ ते माकाँ मिळून साधारण ७० किमी होतात. रोज सायकल चालवणारा माणूस हे एका दिवसात सहज संपवेल, पण तसं करू नका प्लीज, तीन दिवस घ्या.

पहिला दिवस शालाँ ते सँ-जाँगू, तीसेक किलोमीटर. शहरातून बाहेर पडेपर्यंत थोडं लक्ष द्यावं लागतं, जिव्री आलं की द्राक्षमळे सुरू. जिव्री रेड वाइनसाठी ओळखलं जातं आणि पुढचं ब्युसी माँतान्यी नावाच्या व्हाइटसाठी. सँ-जाँगू हे जुनं दगडी गाव आहे, अरुंद गल्ल्या, संध्याकाळी पायी फिरायला मस्त.

दुसरा दिवस फक्त वीसेक किलोमीटर, आणि हाच खरा दिवस. वाटेत कोर्मातँचा सतराव्या शतकातला राजवाडा, भोवती पाण्याचा खंदक, आत सोनेरी नक्षीचे दिवाणखाने, बागेत झाडांचा भूलभुलैया, मुलं तिथून निघायला तयार होत नाहीत. पुढे थोडा चढ चढून तेझे गाव, इथे १९४० मध्ये ब्रदर रोजे नावाच्या माणसाने एक ख्रिस्ती समुदाय सुरू केला, आज जगभरातून तरुण मुलं येऊन राहतात, दिवसातून तीनदा प्रार्थना होते आणि कोणीही जाऊन शांत बसू शकतं, धर्म कोणी विचारत नाही. मग क्लुनी. इथला मठ ९१० सालचा, त्याचं तिसरं चर्च १०८८ मध्ये बांधायला घेतलं आणि रोमचं आजचं सेंट पीटर्स होईपर्यंत ख्रिस्ती जगातलं ते सगळ्यात मोठं चर्च होतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर लोकांनी त्याचे दगड काढून काढून विकले, आता एका बाजूचा थोडा भाग आणि मनोरे उरलेत, पण तेवढ्यावरूनच बाकीचं केवढं असेल याचा अंदाज येतो. शनिवारी सकाळी क्लुनीत बाजार भरतो, जमलं तर मुक्काम त्या हिशोबाने लावा.

तिसरा दिवस क्लुनी ते माकाँ, पंचवीसेक किलोमीटर. यात ब्वा-क्लेर नावाचा जुना रेल्वे बोगदा आहे, १.६ किमी लांब, आत दिवे आहेत आणि ऐन उन्हाळ्यातही गारठा, जॅकेट बॅगेत तळाशी ठेवू नका. हा बोगदा हिवाळ्यात वटवाघळांसाठी बंद ठेवतात, त्या काळात वरच्या खिंडीतून जावं लागतं आणि तिथे दमछाक होते.

तिसरी पायरी : महिना

मे-जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो त्यामुळे घाई अशी नाहीच, सप्टेंबरमध्ये द्राक्षांची तोडणी चालू असते. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंच लोक स्वतः सुट्टीवर असतात, राहायला जागा मिळत नाही आणि ऊनही कडक. शेंगेन व्हिसाच्या अपॉइंटमेंट उन्हाळ्यात लवकर भरतात, भारतातून जाणाऱ्यांनी ते काम आधी उरका.

चौथी पायरी : सायकल

इथून सायकल नेण्याचा खटाटोप नको, तिकडे भाड्याने घ्या. दुकानात 'वेतेसे' मागा, म्हणजे शहर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारी साधी सरळ हँडलची सायकल. घरात कोणाचे गुडघे कुरकुरत असतील तर बॅटरीवाली 'वेआए' घ्या, सगळे एका वेगात राहतात आणि कोणी मागे पडून चिडत नाही. घेताना सीटची उंची तिथेच करून घ्या, पुढे-मागे दिवे, घंटी, कुलूप, पंक्चर किट आणि सामानाच्या बाजूच्या बॅगा आहेत ना बघा, पंपाचं तोंड ट्यूबच्या व्हॉल्व्हला बसतंय का तेही बघा. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात परत देता येते का हे आधीच विचारायचं, बऱ्याच ठिकाणी नाही चालत.

पाचवी पायरी : नियम, हे वाचाच

तिकडे वाहतूक उजवीकडून. मार्गावर गाड्या नसल्या तरी जिथे गावरस्ता आडवा येतो तिथे बहुतेक ठिकाणी थांबायचं तुम्हालाच असतं, पाटी बघा, आणि आधी डावीकडे बघा कारण जवळची गाडी तिकडून येणार, आपली मान सवयीने उजवीकडे वळते. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे, मागच्या सीटवर बसलेल्यालाही. मोठ्यांना सक्ती नाही पण घाला. कानात इअरफोन घालून चालवायला बंदी आहे. गावाबाहेर अंधारात चमकणारं जॅकेट लागतं. आणि वाइनच्या प्रदेशात जाताय म्हणून, दारूची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे, टेस्टिंग मुक्कामाला पोचल्यावर. इमर्जन्सीला ११२.

सहावी पायरी : खाणं-पिणं, विशेषतः शाकाहारी असाल तर

आपल्या लोकांचे हाल होतात ते इथे. खेड्यात दुपारी बारा ते दोन जेवणाची वेळ, दोननंतर किचन बंद म्हणजे बंद. दुकानंही दुपारी मिटतात, रविवारी दुपारनंतर आणि कित्येक गावांत सोमवारी अख्खा दिवस शुकशुकाट. म्हणून सकाळी निघतानाच बेकरीतून एक लांब बगेत पाव, शेळीच्या दुधाचं चीज (या भागात ते फार छान मिळतं), टोमॅटो, पीच, चेरी असं काहीतरी घेऊन बॅगेत टाका आणि मग कुठल्याही झाडाखाली, जुन्या स्टेशनच्या बाकावर बसून खा, हॉटेलपेक्षा हेच जेवण लक्षात राहतं. घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी बगेतमध्ये अप्रतिम लागते, एक छोटी डबी न्याच.

हॉटेलात सॅलड मागवलं तरी त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात, त्यांना 'लार्दाँ' म्हणतात, किश नावाच्या अंड्याच्या खारट पायमध्येही असतात. 'साँ व्हियाँद, साँ प्वासाँ' म्हणजे मांस नको, मासे नको, हे पाठ करा. आणि दुकानात शिरताना आधी 'बाँजूर' म्हणायचं, मग काय हवं ते सांगायचं. याने वागणूक बदलते, अगदी खरंच.

पाणी भरताना पाटी वाचा, 'ओ पोताब्ल' असेल तर पिण्याचं, मागे 'नाँ' असेल तर नाही. बाटली रिकामी आणि गावात कोणीच दिसत नसेल तर कबरस्तान शोधा, तिथे बहुधा नळ असतो, पाटी मात्र तिथेही बघायची.

सातवी पायरी : मुक्काम

'आक्यय व्हेलो' असं लिहिलेली जागा बघा, हा सायकलवाल्यांसाठीचा देशभर चालणारा शिक्का आहे, मार्गापासून पाच किमीच्या आत, सायकल कुलपात ठेवायची सोय आणि दुरुस्तीचं सामान त्यांच्याकडे असतं. मला विचाराल तर हॉटेलपेक्षा 'शाँब्र दोत' घ्या, म्हणजे कोणाच्या तरी घरातली खोली आणि सकाळचा नाश्ता. काही ठिकाणी रात्री घरच्यांसोबतच जेवण मिळतं, ते आधी सांगावं लागतं, शाकाहारी आहात हेही तेव्हाच कळवा. तंबू असेल तर बऱ्याच गावांत नगरपालिकेची कॅम्पिंगची जागा असते, ती स्वस्त पडते.

आठवी पायरी : ट्रेन

शालाँ आणि माकाँ दोन्ही दिजाँ-ल्याँ लाइनवर आहेत. 'तेउएर' म्हणजे प्रादेशिक गाड्या, त्यात सायकल सहसा फुकट नेता येते, डब्यावर सायकलचं चित्र असतं तिथे चढायचं, काही प्रांतांत उन्हाळ्यात आधी जागा राखून ठेवावी लागते ते तिकीट काढताना बघा. पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून दिजाँमार्गे ल्याँकडे अशीच हळू गाडी जाते, वेळ जास्त लागतो पण सायकलसकट सोपी. वेगवान टीजीव्हीमध्ये सायकलचे नियम कडक आहेत, सगळ्या गाड्यांत सोयही नाही.

म्हणून सोपं गणित असं : सायकल शालाँमध्येच भाड्याने घ्या, तीन दिवसांत माकाँला पोचा आणि सायकलसकट तेउएरने अर्ध्या तासात परत शालाँला येऊन ती देऊन टाका. फक्त स्टेशन 'माकाँ-व्हील' आहे ना बघा, कारण 'माकाँ-लोशे' हे टीजीव्हीचं वेगळं स्टेशन शहराबाहेर आहे आणि ही गाडी तिथे थांबत नाही.