आयात मालाच्या पेटंट-चौकशीत काम करू पाहणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतलेल्या मुलामुलींना घरची माणसे साधारणपणे दोनच वाटा दाखवतात: बंगळूर-पुण्याची सॉफ्टवेअर कंपनी, नाहीतर उद्यमबागेतला कारखाना. परदेशातून येणाऱ्या इयरबड, पॉवर बँक, स्मार्ट घड्याळ अशा मालावर पेटंटभंगाचा आरोप झाला की वस्तू उघडून ती पेटंटशी ताडून पाहणारी तंत्रज्ञ माणसे लागतात, हे फारसे कोणी सांगत नाही. खानापूर तालुक्यातली मराठी शाळा आणि बेळगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय संपवून मी पुण्यातल्या एका सल्लागार कार्यालयात हे काम शिकले. नव्याने येणाऱ्यांना ते थोडे आधी कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

या क्षेत्रात सर्वाधिक धाक आहे तो अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाचा. 1930 च्या टॅरिफ कायद्यातील कलम 337 खाली तेथे तक्रार झाली, तर चौकशी सुरू करायची की नाही हे साधारण 30 दिवसांत ठरते आणि निकाल बहुधा दीड वर्षाच्या आसपास लागतो. आयोग नुकसानभरपाई देत नाही, तो माल सीमेवर अडवतो. आयातदाराला हेच अधिक जड जाते, कारण पैशाची तडजोड नंतर करता येते, पण हंगाम हातचा गेला की गेला. मासिमो या कंपनीच्या तक्रारीवरून ॲपलच्या काही घड्याळांवर ऑक्टोबर 2023 मध्ये असा आदेश निघाला, राष्ट्राध्यक्षांच्या पुनर्विचारासाठीचे 60 दिवस संपून तो 26 डिसेंबरला लागू झाला, आणि जानेवारी 2024 मध्ये ॲपलला तेथे विकायच्या घड्याळांतील रक्तातला प्राणवायू मोजण्याची सोय बंद करावी लागली. एवढी मोठी कंपनीसुद्धा एका सुविधेपायी अडते, हे लक्षात घेतले म्हणजे तांत्रिक पडताळणीचे मोल कळते.

भारतात असा आयोग नाही. पेटंट कायदा 1970 च्या कलम 48 नुसार पेटंटधारकाच्या संमतीशिवाय केलेली आयात हासुद्धा भंगच ठरतो, मात्र दाद दिवाणी न्यायालयात मागावी लागते. दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही, आणि पेटंटच रद्द करावे असा प्रतिदावा आला की प्रकरण उच्च न्यायालयाकडे जाते. सीमाशुल्क विभागाच्या 2007 च्या नियमांत पूर्वी पेटंटही होते. 2018 च्या दुरुस्तीने ते वगळले गेले, त्यामुळे आता पेटंटच्या कारणाने माल अडवायचा तर न्यायालयाचा आदेश लागतो. व्यापारचिन्ह आणि नोंदणीकृत डिझाइन मात्र त्या नियमांत अजून आहेत, आणि नवशिक्यांची गल्लत नेमकी येथेच होते.

प्रत्यक्ष कामाचा कणा म्हणजे क्लेम चार्ट. क्लेम म्हणजे पेटंटने नेमके कशावर हक्क सांगितला आहे ते मांडणारे वाक्य. डाव्या रकान्यात पेटंटच्या क्लेमचे तुकडे आणि उजव्या रकान्यात त्या तुकड्याचा वस्तूतला पुरावा, एवढाच तो असतो, पण दिवसचे दिवस खातो. इयरबडच्या एका प्रकरणात क्लेममध्ये असे होते की झाकण उघडताच डबीतील चुंबकीय संवेदक नियंत्रकाला संकेत देतो आणि मग बड फोनशी जोडणी सुरू करतात. आम्ही डबी उघडली, बोर्डाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घेतली, प्रत्येक चिपवरचा क्रमांक भिंगाखाली वाचून तिची डेटाशीट, म्हणजे उत्पादकाचे माहितीपत्रक, काढली. हॉल सेन्सर, म्हणजे क्लेममधला तो चुंबकीय संवेदक, कुठेच नव्हता. बड डबीतून उचलल्यावर चार्जिंगच्या पिनांवरचा व्होल्टेज तुटत होता आणि त्यावरून ते जागे होत होते. क्लेममधला एक घटक जरी वस्तूत नसला तरी शब्दशः भंग होत नाही. माल मागवणारे बेळगावचे व्यापारी काका मात्र गोंधळले होते. “डबी तर तश्शीच दिसते की गं, मग दोष कसा नाही?” असे त्यांनी विचारले. दिसणे हा डिझाइनचा प्रश्न आहे, पेटंटचा नाही, हे त्यांना बोर्डाचे छायाचित्र समोर ठेवूनच समजावता आले.

अर्थात काम तेथे संपत नाही. संवेदक नसला तरी व्होल्टेज तुटणे हे त्याच्याशी समतुल्यच आहे, असा युक्तिवाद समोरचा पक्ष करणारच. म्हणून पेटंट मिळवताना अर्जदाराने परीक्षकाला काय उत्तरे दिली होती, तो पत्रव्यवहार वाचावा लागतो. संवेदकावरच भर देऊन पेटंट पदरात पाडून घेतलेल्याला पुढे त्यापासून मागे फिरणे कठीण जाते. माझ्या मते चांगला आणि सामान्य तंत्रज्ञ यांतला फरक या फायलीत दिसतो. त्याआधी साध्या गोष्टी तपासाव्यात: पेटंट भारतातले आहे की केवळ अमेरिकेतले, अर्जापासूनची 20 वर्षे संपली आहेत का, नूतनीकरणाचे शुल्क भरलेले आहे का. हे सारे पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते.

बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी झाली म्हणजे माल सर्व बाजूंनी निर्धोक, असा समज आपल्याकडच्या व्यापाऱ्यांत घट्ट आहे. ती नोंदणी सुरक्षिततेची असते, पेटंटविषयी ती काहीच सांगत नाही. पेटंटची माहिती नव्हती आणि असण्याचे कारणही नव्हते, हे सिद्ध केले तर कलम 111 खाली नुकसानभरपाईतून सुटका होऊ शकते, पण मनाईहुकूम तरीही मिळू शकतो, हे त्यांना वेळीच सांगावे.

पेटंट एजंट, म्हणजे पेटंट कार्यालयापुढे अर्जदाराची बाजू मांडणारा नोंदणीकृत प्रतिनिधी, व्हायचे असेल तर विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा लागते. कायद्याची पदवी सक्तीची नाही. बेळगावच्या अर्जदारासाठी चेन्नईचे कार्यालय आणि पलीकडच्या चंदगडच्या अर्जदारासाठी मुंबईचे, हेही ध्यानात असू द्यावे, कारण सीमेच्या दोन्ही बाजूंचे लोक तुमच्याकडे येतील. तयारीसाठी घरातली जुनी पॉवर बँक उघडा, तिच्याशी जुळणारे एखादे पेटंट शोधा आणि पहिल्या क्लेमचा चार्ट छायाचित्रांसह तयार करा. मुलाखतीला तो सोबत न्यावा. गुणपत्रिकेपेक्षा त्यावरच अधिक प्रश्न विचारले जातात.