वजन कमी करताना मधेच कॉन्फिडन्स जातो? या चुका टाळा

डाएट सुरू केलं की पहिले आठ-दहा दिवस सगळं मस्त चालतं, मग एखाद्या संध्याकाळी खाण्यावरचा ताबा सुटतो आणि आपण लगेच म्हणून मोकळे होतो की माझ्यात विलपॉवरच नाही. असं स्वतःला बोलू नका हो, प्लीज. अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये सेल्फ-एफिकसीची कल्पना मांडली, म्हणजे ‘हे अमुक काम मला जमेल’ हा भरवसा, आणि त्याचं म्हणणं असं की हा भरवसा सगळ्यात जास्त वाढतो तो स्वतः करून जमल्यावर. म्हणजे आधी कॉन्फिडन्स येईल मग सुरू करू असं म्हणत बसलात तर तो येणारच नाही.

पहिली चूक, टार्गेटच एवढं मोठं घ्यायचं की हरणं ठरलेलंच. आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण म्हणून पहिल्याच दिवशी तासभर पळायला जायचं नसतं. रोज 10 मिनिटं चाला, ते जमलं की वाढवा. ठरवलेल्या गोष्टीला 0 ते 10 मध्ये भरवशाचे मार्क द्या, 7 च्या खाली आले तर ती गोष्टच छोटी करा.

दुसरी चूक म्हणजे व्यायाम जमतोय म्हणजे खाणंही जमेल असं धरून चालणं. दोन्हीचा भरवसा वेगवेगळा असतो, आणि खाण्यातही कुणी टेन्शनमध्ये घसरतं, कुणी चार लोकांनी आग्रह केला की, कुणी समोर डबा उघडा दिसला की, तर कुणी निवांत टीव्ही बघताना. आपली घसरायची जागा कुठली ते आठवडाभर लिहून बघा, मग फक्त तेवढ्याचीच तयारी करा, सगळीकडे एकदम लढायला जाऊ नका.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडते. एक बिस्किट जास्त खाल्लं, आता दिवस गेलाच, मग अख्खा पुडाच संपवू! नुकसान त्या एका बिस्किटाने होत नाही, त्याच्यानंतरच्या ‘गेलंच’ या विचाराने होतं. पुढचं जेवण नेहमीसारखं जेवा, उपाशी राहून भरपाई करू नका.

आणि रोजचा वजनकाटा मनाला लावून घेऊ नका. मीठ जास्त झालं, पाणी साठलं, तर एका रात्रीत किलोभर इकडेतिकडे होतं, ती चरबी नसते. आठवड्याची सरासरी बघा.

हे सगळं नीट करूनही काटा हलतच नसेल तर डॉक्टरांना भेटा, थायरॉईडचं काम मंदावणं किंवा स्टेरॉईडसारखी काही औषधं यांच्यामुळेही वजन वाढतं, त्यात तुमच्या जिद्दीचा काही दोष नसतो (औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका).