फ्रीबीएसडी अपग्रेड करताना या चुका टाळा

सगळ्यात पहिली चूक कमांड टाइप करण्याआधीच होते, आणि ती नावामुळे होते. फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिममध्ये 'स्टेबल' म्हणजे तुम्हाला हवी असलेली स्थिर आवृत्ती नव्हे. स्टेबल ही विकासाची शाखा आहे, तिच्यात रोज बदल येतात. रोजच्या कामाच्या मशीनवर घ्यायची ती 'रिलीज'. 'मला स्टेबल पाहिजे' म्हणून स्टेबलची इमेज टाकणाऱ्यांना नंतर कळतं की फ्रीबीएसडी-अपडेट ही सिस्टिम अद्ययावत करणारी कमांड त्या शाखेवर चालतच नाही. मग बसा सोर्सपासून सगळं बांधत.

दुसरी चूक म्हणजे जुनी आवृत्ती अद्ययावत न करताच उडी मारणं. आधी 'फ्रीबीएसडी-अपडेट फेच' आणि 'इन्स्टॉल' चालवून आहे त्या आवृत्तीचे सगळे पॅच लावा, रीबूट करा आणि मगच पुढच्या आवृत्तीचा आकडा देऊन 'अपग्रेड' म्हणा. १२ वरून थेट १४ वर जाऊ नका. मधला मुक्काम घ्या. तासभर जास्त जातो, पण काही बिघडलं तर ते कुठल्या टप्प्यात बिघडलं हे तरी कळतं.

अपग्रेड चालू झाल्यावर फायलींच्या लांबलचक याद्या पडद्यावर येतात. त्या 'लेस' या मजकूर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडतात आणि 'क्यू' दाबल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. नवशिक्याला वाटतं मशीन अडकलं, तो कंट्रोल-सी मारतो आणि सगळं पहिल्यापासून. दूरच्या सर्व्हरवर हे काम टीमक्स या टर्मिनल-प्रोग्रॅमच्या आतच करा, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी काम तुटत नाही. आणि व्हीआय हा मजकूर-संपादक वापरता येत नसेल तर सुरुवातीलाच 'एडिटर' हे व्हेरिएबल 'ईई' या सोप्या संपादकावर लावून ठेवा. जुन्या-नव्या फायलींच्या विलीनीकरणाच्या मध्यावर व्हीआयमधून बाहेर कसं पडायचं हे शोधत बसणं बरं नव्हे.

हे विलीनीकरण हीच खरी घात करणारी जागा. तुम्ही बदललेली फाइल नव्या आवृत्तीतही बदलली असेल, तर फ्रीबीएसडी-अपडेट दोन्ही एकत्र करू पाहतं. जमलं तर फरक दाखवून 'हे ठीक दिसतंय का' असं विचारतं. जमलं नाही तर एडिटर उघडतं. त्यात 'पेक्षा लहान'च्या सात चिन्हांच्या ओळीखाली तुमचा मजकूर, मग बरोबरच्या सात चिन्हांची ओळ, मग नवा मजकूर आणि शेवटी 'पेक्षा मोठा'ची सात चिन्हं असतात. लोक पहिल्या दोन-तीन फायली नीट वाचतात. पुढे कंटाळून 'वाय' (हो), 'वाय', 'वाय'. १३ वरून १४ वर येताना तर हा कंटाळा ठरलेलाच, कारण १४ मध्ये असंख्य फायलींच्या डोक्यावरची जुनी आवृत्ती-खूण काढून टाकली आहे. तेवढ्या एका ओळीसाठी प्रश्नामागून प्रश्न येतात.

आणि नेमकी या गर्दीत सगळ्या युजरांचे पासवर्ड ठेवणारी मास्टर-पासवर्डची फाइल येते. १४ मध्ये रूटचं (सर्वाधिकार असलेल्या युजरचं) शेल, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्रॅम, सीएसएचवरून एसएचवर गेलं, म्हणजे या फायलीतली रूटची ओळ बदलली. तुमच्या रूटला पासवर्ड आहे, म्हणजे ती ओळ तुमच्याकडेही मूळची राहिलेली नाही. झाला संघर्ष. आता हमखास घडणारा प्रसंग पाहा. दूरवरचं मशीन आहे, रात्रीची वेळ आहे. चालवणाऱ्यानं 'नवं ते चांगलं' म्हणून फायलीतल्या आपल्या सगळ्या ओळी खोडल्या आणि फक्त नव्या प्रतीच्या ठेवल्या. नव्या प्रतीत रूटच्या पासवर्डची जागा रिकामी असते आणि त्याचा स्वतःचा युजर त्या प्रतीत असायचं कारणच नाही. रीबूट होतं, मशीन पिंगला उत्तर देतं, वेबसाइटही चालते, पण आत जाता येत नाही. एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करायची सोय, रूटला मुळातच घेत नाही, रिकामा पासवर्डही घेत नाही, आणि उरलेला युजर गायब. उलट कन्सोलपाशी, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या पडद्यापाशी बसलेला कोणीही पासवर्डशिवाय रूट होऊ शकतो. दुसऱ्या प्रकारचे लोक खुणा तशाच ठेवून फाइल जतन करतात. तेव्हा पासवर्डचा डेटाबेस बांधायला नकार मिळतो आणि मागे जुनाच डेटाबेस राहतो. त्यामुळे सगळं ठीक वाटतं, ते कोणी पुढे पासवर्ड बदलेपर्यंत.

यातून बाहेर यायचं तर सिंगल युजर मोडमध्ये (फक्त रूटसाठीच्या दुरुस्तीच्या अवस्थेत) बूट करा. 'माउंट -यू' देऊन रूट फाइल-सिस्टिम लिहिण्यायोग्य करा, झेडएफएस ही फाइल-सिस्टिम असेल तर 'झेडएफएस माउंट -ए'ही चालवा. रोजची देखभाल-कामं बंद केलेली नसतील, तर 'व्हार'मधल्या 'बॅकअप्स' फोल्डरमध्ये मास्टर-पासवर्डची जुनी प्रत सापडते. ती जागेवर ठेवा आणि पासवर्डचा डेटाबेस बांधणारी पीडब्ल्यूडी-एमकेडीबी ही कमांड '-पी'सह चालवा. पण एवढं टाळायला एकच सवय पुरते. अपग्रेडच्या आधी 'ईटीसी' या सेटिंगच्या फोल्डरची संपूर्ण प्रत दुसऱ्या मशीनवर घ्या, आणि या फायलीत कायम स्वतःची ओळ ठेवून फक्त शेवटचं शेल बदला. नव्या प्रतीत सिस्टिमचे नवे युजर आले असतील तर त्यांच्या ओळीही राहू द्या. दुसऱ्या 'इन्स्टॉल'नंतर आणि पुढच्या रीबूटच्या आधी सात चिन्हांची ती ओळ 'ग्रेप' या शोध-कमांडनं संपूर्ण 'ईटीसी'त शोधा. एसएसएच सर्व्हरची सेटिंग 'एसएसएचडी -टी'नं तपासा. ही दोन मिनिटं ज्यांना जड वाटतात, त्यांनी कन्सोलचा पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय ते आधी शोधून ठेवावं.

एखाद्या फरकाला 'एन' (नाही) म्हटलं की पूर्ण अपग्रेड रद्द होतं, तेवढी एक फाइल वगळली जात नाही. फाइल चुकीची जुळली असेल तर खुशाल 'एन' म्हणा. पुन्हा पहिल्यापासून करणं बंद पडलेल्या लॉगिनपेक्षा स्वस्तच.

'इन्स्टॉल' तीनदा चालवायचं असतं. पहिल्यांदा नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा बसतो, मग रीबूट. दुसऱ्यांदा युजरलँड, म्हणजे कर्नल सोडून मूळ सिस्टिमचा बाकीचा भाग बदलतो. त्यानंतर पॅकेजं (वरून बसवलेले प्रोग्रॅम) नव्यानं घ्यायची आणि तिसऱ्या वेळी जुन्या लायब्ररी काढल्या जातात. पहिल्यानंतरच थांबणारे लोक 'यूनेम -आर'मध्ये नवा आकडा पाहून खूश होतात. तो आकडा चालू कर्नलचा. 'फ्रीबीएसडी-व्हर्जन -केआरयू' तीन ओळी देतं: डिस्कवरचा कर्नल, चालू कर्नल आणि युजरलँड. पॅचचा आकडा तिन्हींत वेगळा असू शकतो, कारण प्रत्येक पॅच कर्नलला शिवतोच असं नाही. पण मुख्य आवृत्ती तिन्हीकडे एकच हवी.

उलटी घाई म्हणजे पॅकेजं न घेता तिसरं 'इन्स्टॉल' चालवणं. १३ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची १.१.१ आवृत्ती होती, १४ मध्ये ३.० आहे. जुन्या लायब्ररी गेल्या की १३ साठी बांधलेले प्रोग्रॅम उभे राहत नाहीत, आणि त्यात पॅकेजं बसवणारं खुद्द 'पीकेजी'ही असतं. म्हणूनच 'पीकेजी-स्टॅटिक' दिलेलं आहे. त्याला बाहेरची लायब्ररी लागत नाही. 'पीकेजी-स्टॅटिक अपग्रेड -एफ' चालवा, सगळी पॅकेजं नव्या आवृत्तीची येतील. 'ओएस-व्हर्जनकडे दुर्लक्ष करा' हे व्हेरिएबल लावून चेतावणी गप्प करणारा सल्ला जागोजागी मिळतो. ती चेतावणी सांगत असते की तुमचा कर्नल पॅकेजपेक्षा जुना आहे. गप्प केल्यानं कर्नल नवा होत नाही.

ग्राफिक्सवाल्यांसाठी एक ओळ: डीआरएम किंवा एनव्हिडियाचं मोड्यूल (कर्नलला जोडला जाणारा ग्राफिक्सचा भाग) जुन्या कर्नलसाठी बांधलेलं असतं, म्हणून रीबूटच्या आधी आरसी-कॉन्फ या सेटिंगच्या फायलीतली 'केएलडी-लिस्ट' (बूटवेळी चढवायच्या मोड्यूलांची यादी) कॉमेंट करा आणि मोड्यूल नव्यानं आल्यावरच परत उघडा.

कस्टम कर्नल? फ्रीबीएसडी-अपडेट फक्त जेनेरिक, म्हणजे सिस्टिमसोबत आलेला कर्नल बदलतं. तुमचा तुम्ही बांधा.

आता 'झेडपूल अपग्रेड', म्हणजे झेडएफएसचा डिस्कांचा साठा (पूल) नव्या फीचर्सवर नेणारी कमांड. नव्या आवृत्तीवर 'झेडपूल स्टेटस' पाहिलं की खाली सौम्य शब्दांत लिहिलेलं असतं की काही फीचर्स चालू नाहीत, ती चालू करायला ही कमांड द्या. हा मजकूर पाहून ज्याचा हात शिवशिवतो त्यानं हात खिशात ठेवावा. पूल न वाढवताही नव्या आवृत्तीवर उत्तम चालतो. वाढवला की मागे फिरता येत नाही. अपग्रेडच्या आधी 'बीईसीटीएल क्रिएट'नं बूट एन्व्हायर्नमेंट (परत फिरता येईल अशी सिस्टिमची जतन केलेली अवस्था) बनवलं असेल, तरी त्यातल्या जुन्या कर्नलला आता पूल वाचता येईलच याची खात्री नाही, म्हणजे परतीची दोरी आपणच कापली. शिवाय डिस्कवरचा बूट कोड (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) जुनाच असतो, कारण तो अपग्रेडमध्ये आपोआप बदलला जाईल असं धरून चालता येत नाही. मशीन कित्येक महिने न थांबता चालतं. मग एके दिवशी वीज जाते, आणि बूट कोड 'हे फीचर ओळखीचं नाही' म्हणून थांबतो. तेव्हा ती कमांड कोणाला आठवत नाही आणि दोष डिस्कवर जातो.

आधी बूट कोड, मग पूल, हा क्रम उलटा करू नका. जुन्या बायोस पद्धतीत 'जीपार्ट बूटकोड'नं पीएमबीआर आणि जीपीटी-झेडएफएस-बूट हे बूट कोडचे दोन भाग लिहायचे, तेही मिररमधल्या प्रत्येक डिस्कवर. विभागाचा क्रमांक 'जीपार्ट शो'मध्ये पाहा. कुठूनतरी उचललेल्या कमांडमध्ये '-आय १' असतं आणि बायोस आणि नवी यूईएफआय अशा दोन्ही पद्धतींसाठी मांडलेल्या डिस्कवर पहिला विभाग ईएफआयचा, तर बूटचा दुसरा असतो. बिनधास्त एक लिहिलंत की ईएफआय विभाग पुसला गेला. यूईएफआय मशीनवर ईएफआय विभाग माउंट करून 'लोडर डॉट ईएफआय'ची नवी प्रत जुनीच्या जागी ठेवा. अडकलेलं मशीन सोडवायला नव्या आवृत्तीचा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा आणि तिथूनच बूट कोड लिहा. डेटा जागेवरच असतो. बूट एन्व्हायर्नमेंटला मात्र बॅकअप समजू नका. ते त्याच डिस्कवर असतं आणि 'होम'सारखे वेगळे डेटासेट त्यात येतही नाहीत.

जेलं, म्हणजे मूळ मशीनच्या (होस्टच्या) कर्नलवर चालणारे वेगळे कप्पे, लोक हमखास विसरतात. होस्ट नवा झाला तरी जेलमधलं युजरलँड जुनंच राहतं. बहुतेक वेळा ते चालतं, म्हणूनच वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही आणि सुरक्षेचे पॅच थांबून जातात. फ्रीबीएसडी-अपडेटला '-बी'नं जेलचा मार्ग द्या आणि 'करंटली-रनिंग'नं त्यातली सध्याची आवृत्ती सांगा. ती सांगितली नाही तर ते होस्टचीच आवृत्ती धरतं. आधी होस्ट, मग जेल. जेल होस्टपेक्षा नवं असलं तर त्यातले प्रोग्रॅम होस्टच्या कर्नलकडे नसलेल्या गोष्टी मागतात आणि पडतात.