ढेकूळ पाण्यात सोडून बघा

वावराची माती पाण्यात किती टिकते, हे ढेकूळ पाण्यात सोडलं की कळतं. हे काम रोहिणी लागायच्या आधी, वावर तापून भेगाळलेलं असतं तेव्हा करायचं. ओलं ढेकूळ पाण्यात सहसा फुटत नाही, मग काहीच कळत नाही.

लिंबाएवढी दोन ढेकळं घ्या. एक वावराच्या मधलं, दुसरं धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गवताखालचं, जिथं वखर कधी लागला नाही. चार दिवस सावलीत वाळवा. काचेच्या दोन बरण्या पाण्यानं भरा, तोंडाला मच्छरजाळीची झोळी बांधा, पाण्यात बुडेल अशी. तीत ढेकूळ अलगद ठेवा आणि 5 मिनिटं नुसतं बघा.

आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे. मधल्या ढेकळातून बुडबुडे निघाले, कडा सुटल्या आणि मिनिटभरात सगळा गाळ तळाला. धुऱ्यावरचं मात्र बसून राहिलं. दोघांत अंतर दहा पावलांचं. 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा खडक तोच, त्याची झिजून झालेली काळी माती तीच, पाऊसही तोच. फरक फक्त आत राहणाऱ्यांचा.

कोरड्या ढेकळात पाणी घुसलं की आतली हवा कोंडते आणि ढेकूळ फोडते. काळी माती फुगते ती वेगळीच. धुऱ्यावर गवताची मुळं, बुरशीचे धागे आणि जिवाणूंचा चिकट स्राव कण धरून ठेवतात. ते ढेकूळ मोडून उन्हात धरा, केसाहून बारीक पांढरे तंतू दिसतील. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा कितीतरी वेळ हातातून खाली ठेववेना.

फुटलेली माती छिद्रं बुजवते, वाळली की पापडी धरते. एका मृगात माझं सोयाबीन असंच अडकलं. बोटानं पापडी उचलली तर खाली पिवळा, वाकडा कोंब. दुबार पेरणी करावी लागली.

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्यांनी, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागातल्यांनी, एक जपावं. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळपणा पसरला आणि दुसऱ्या दिवशीही निवळला नाही, तर ते बहुधा सोडियमचं काम. तिथं नुसत्या काडीकचऱ्यानं भागत नाही. माती तपासून घ्या, सोडियम हटवायला जिप्सम टाकायचं का ते मग ठरवा.

मी कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, जाळणं सोडलं, ते वावरातच पसरते. तुरीचा गळलेला पाला हलवत नाही. नांगरटी दरसाल करत नाही. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, बारीक करून टाकते, पण बोंडअळीची किडकी बोंडं आधी वेचून नष्ट करते, त्यात आळस नको.

दर उन्हाळ्यात त्याच जागांची ढेकळं घेते आणि कोणतं किती टिकलं ते कॅलेंडरवर लिहिते. गेल्या वैशाखात तुरीच्या तासातलं ढेकूळ पहिल्यांदा 5 मिनिटांनंतरही अर्धं शिल्लक होतं.